पेपली भाषेचे शब्द कसे घडवले : जून ते नोव्हेंबरच्या नोंदी

२ जून

आमच्या हौशी नाट्यगटाच्या नव्या एकांकिकेत बैलगाड्या घेऊन नदीच्या उतारावर येऊन थांबलेली एक टोळी आहे. त्यातली दोन पात्रं आपसात टोळीच्या भाषेत बोलतात (तिचं नाव पुढे पेपली ठरलं). चाळीसेक वाक्यं. दिग्दर्शकाची अट एकच : प्रेक्षकाला अर्थ नाही कळला तरी चालेल, पण नुसती बडबड नको, आत खरी भाषा हवी. काम माझ्याकडे आलं. मी नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आहे, भाषाशास्त्र शिकलेलो नाही. माझी भाची संस्कृत घेऊन एम.ए. करते, तिला विचारता येईल.

ठरलं असं : शब्द मनाने रचायचे नाहीत. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी या सगळ्यांच्या मुळाशी जी मूळ भारोपीय भाषा मानतात, तिचे धातू घ्यायचे, आपले उच्चारबदलाचे नियम बसवायचे, आणि नियमांतून जे निघेल ते मुकाट्याने घ्यायचं. २५० शब्द लागतील असा अंदाज. प्रयोग नोव्हेंबरात.

पुढे जिथे शब्दाआधी तारा (*) आहे, तिथे तो शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, तुलनेतून बांधलेला आहे. अशा शब्दांत ए आणि ओ ऱ्हस्व वाचावेत.

९ जून

पहिले साठ शब्द झाले आणि सगळे टाकून द्यावे लागले.

चूक साधी होती. मूळ भाषेत क दोन-तीन तऱ्हांचा आहे. त्यातला तालव्य (टाळूकडे सरकवून म्हटलेला) क मी श केला, आणि ए, ओ, अ या तिन्हींचा अ करून टाकला, कारण जिभेला ते सोपं वाटलं. पण नेमकं हेच संस्कृतने केलेलं आहे. दहा म्हणजे दशम, शंभर म्हणजे शतम, घोडा म्हणजे अश्वस. वाचन झालं तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, "अरे, हे तर पूजा सांगितल्यासारखं वाटतंय." बरोबर होतं त्याचं. मराठी माणसाचं तोंड आपोआप संस्कृतकडे वळतं. आता उलट दिशा धरायची : तालव्य क साधा क होणार, आणि ए, ओ, अ वेगवेगळे राहणार.

१५ जून

यापेक्षा मोठी चूक. मी धातू घेतले होते ते पोकोर्नी यांच्या १९५९च्या जर्मन कोशातल्या यादीतून. त्यात 'देणे'चा धातू दो, 'ठेवणे'चा धे, 'उभं राहणे'चा स्ता, असे दीर्घ स्वर छापलेले आहेत. भाचीने पाहिलं आणि विचारलं, "मामा, यातले ह कुठे गेले?"

हे ह म्हणजे घशातून निघणारे तीन जुने ध्वनी. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांनी १८७९मध्ये, वयाच्या एकविशीत, निव्वळ हिशेबावरून असे काही ध्वनी हरवले असले पाहिजेत असं मांडलं. पुढे आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन हित्ती भाषेच्या मातीच्या पाट्या वाचता आल्या, आणि १९२७मध्ये भाषाशास्त्रज्ञ कुरिलोविच यांनी दाखवलं की त्यातला एक ध्वनी तिथे चक्क लिहिलेला आहे. मी त्यांना ह१, ह२, ह३ म्हणतो. धातू खरे तर *देह३, *धेह१, *स्तेह२ असे धरायचे. एह२चा आ होतो, एह३चा ओ, एह१चा दीर्घ ए.

हे ध्वनी सोडून दिले तर काय बिघडतं? बाप आणि मुलगी बिघडतात. *प्ह२तेर यातला ह२ दोन व्यंजनांच्या मधे आहे. संस्कृतने तिथे इ केली (पितर), लॅटिनने अ (पातेर). आपण काय करायचं ते ठरवायला मुळात तो ध्वनी समोर हवा. १४० धातू पुन्हा तपासले. सार्वजनिक वाचनालयात तीन संध्याकाळ आणि घरी दोन रविवार गेले. ज्याला हे काम करायचं आहे त्याने पहिल्या दिवसापासून ह असलेलीच यादी घ्यावी.

२८ जून

नियम ठरले. मुख्य तेवढे लिहितो. प चा ह होणार. ओठ गोल करून म्हटलेला क (याला 'गोल क' म्हणू या) प होणार, तसाच गोल ग ब होणार. भ, ध, घ यांचे फ, थ, ख होणार. शेवटी -ओस असेल तर स गळणार.

६ जुलै

नियम हाताने लावताना प्रत्येक शब्दाला वेगळी चूक होत होती, म्हणून पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. सगळं देवनागरीतच करायचं असा माझा हट्ट होता. त्यात सहा दिवस गेले, म्हणून हे सविस्तर.

पहिली अडचण स्वरांची. एकच ए कधी 'ए' असा सुटा येतो, कधी मात्रा म्हणून आधीच्या अक्षराला चिकटतो. प्रोग्रॅमला ती दोन वेगळी चिन्हं दिसतात. मी ह२ लिहून त्यापुढे मात्रा दिली तर ती आकड्यावर बसेना, पडद्यावर तुटक गोल यायला लागले. दुसरी अडचण अ ची. 'क' मधल्या अ ला चिन्हच नाही, त्यामुळे 'दोन स्वरांमधला अमुक' असं शोधायला सांगितलं की प्रोग्रॅम त्याच्या बाजूने निघून जायचा.

तिसरी सगळ्यात वाईट, कारण ती दिसतच नव्हती. गोल क मी क्व असा लिहिला होता. घोड्याच्या शब्दात, *ह१एक्वोस मध्ये, तालव्य क आणि त्यापुढे स्वतंत्र व आहे. पण लिहिल्यावर तोही क्व च. प्रोग्रॅमने दोन्हींचा प केला आणि घोडा झाला एपो. ऐकायला छान वाटत होतं. ग्रीकमध्येही तिथे प च आहे, हिप्पोस. गटात सगळ्यांना तो आवडला. पण हा निर्णय मी घेतलेला नव्हता, लिपीने परस्पर घेतला होता. शिवाय घोड्याला लावलेला नियम कुत्र्याला (*क्वोन, संस्कृत श्वन्) लावावाच लागतो, आणि तो पोन झाला असता. एपो काढला. घोडा एक्वो, कुत्रा क्वोन.

मग गोल क साठी नुक्तावाला क़ घेतला, तर एका फाइलमध्ये तो एकसंध अक्षर म्हणून साठवलेला आणि दुसऱ्या फाइलमध्ये क आणि खाली टिंब असा दोन तुकड्यांत. दिसायला तंतोतंत सारखे, प्रोग्रॅमच्या लेखी वेगळे. तेव्हा हट्ट सोडला. आता आतलं काम एका ध्वनीला एक रोमन अक्षर असं चालतं, ह१, ह२, ह३ साठी फक्त आकडे, आणि शेवटी एकदाच देवनागरीत उतरवतो. सहा दिवसांचा गुंता एका संध्याकाळी सुटला.

१३ जुलै

चाक हा शब्द टोळीसाठी सगळ्यात महत्त्वाचा. *क्वेक्वलोस, यातले दोन्ही क गोल. संस्कृत चक्र, आपलं चाक, ग्रीक कुक्लोस, इंग्रजी व्हील, सगळे याचेच. प्रोग्रॅममधून बाहेर आलं हेहलो.

तासभर कळेना. मग लक्षात आलं, नियमांचा क्रम उलटा होता. आधी गोल क चा प झाला, आणि लगेच पुढच्या नियमाने त्या नव्या प चा ह केला. प चा ह आधी उरकायला हवा, म्हणजे जुने प संपतात, आणि नंतर जन्मलेल्या प ला कुणी हात लावत नाही. क्रम बदलला. हेहलो चा पेपलो झाला. लेथवर आधी फेसिंग की आधी ड्रिलिंग यावरून जसा जॉब बदलतो, तसंच हे आहे. नियम तेच, क्रम वेगळा, शब्द वेगळा.

टोळीची भाषा पेपली हे नावही तिथेच मिळालं. चाकवाल्यांची.

हीच कथा ह१, ह२, ह३ ची. ते गळायचा नियम पहिला ठेवावा. नंतर ठेवला तर प पासून आलेला ह सुद्धा गळण्याची भीती असते, आणि हतेर (बाप) चा अतेर होतो. जुन्या आयरिशमध्ये खरोखर तसा प पूर्ण गळालेला आहे, पण मला तो नको होता.

२७ जुलै

पंधरा दिवस काम बंद. गोदावरीला पूर, पुराची पातळी ज्यावरून सांगतात तो दुतोंड्या मारुती कंबरेपर्यंत पाण्यात. तालमीची जागा काठाजवळच्या गल्लीत असल्याने तालमीही बंद. कारखान्यात सेकंड शिफ्ट. सात शब्द झाले.

३ ऑगस्ट

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांवर, जुन्या बौद्ध लेण्यांवर, गेलो. भाचीचा आग्रह होता : "तुझे नियम फार सरळ आहेत, खरे बदल कसे होतात ते बघ एकदा."

एकोणीस क्रमांकाचं लेणं. कान्ह राजाच्या काळातला छोटा लेख आहे, ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. ब्राह्मी मला वाचता येत नाही, देवनागरीतला पाठ छापून नेला होता : सादवाहनकुले कन्हे राजिनि नासिककेन समणेन महामातेण लेण कारित. सातवाहन कुळात कन्ह राजा असताना नाशिकच्या श्रमण महामात्राने लेणं करवलं.

एका ओळीत किती बदल! कृष्ण चा कन्ह : ऋ चा अ, आणि ष्ण उलटून न्ह. श्रमण चा समण : र गेला, श चा स झाला. राज्ञि मधलं जोडाक्षर जड झालं तर मधे इ घालून राजिनि. लयन चं लेण, आणि आपण आज लेणंच म्हणतो. टाकीने कोरलेले हे उच्चार दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसांच्या तोंडी असतील, या विचाराने मी त्या ओळीसमोर बराच वेळ उभा होतो.

पण कामाचा मुद्दा भाचीने पायऱ्या उतरताना सांगितला. कृष्ण मध्ये ऋ चा अ झाला म्हणून सगळीकडे अ होत नाही. पृष्ठ ची पाठ, मृत्तिका ची माती, पण शृंग चं शिंग, आणि पृच्छ् पासून पुसणे. एकाच ऋ ची अ, इ, उ अशी तीन मुलं. माझ्या नियमात सरसकट अर् होता, म्हणून यादी यंत्रातून काढल्यासारखी दिसत होती. त्या रात्री नियम फोडला : ओठांनी म्हणायच्या व्यंजनामागून आला तर उर्, उल्, नाहीतर अर्, अल्. संस्कृत वृक, म्हणजे लांडगा, मूळ रूपात व नंतर स्वरासारखा ल आणि गोल क : आधी वलपो होता, आता वुलपो. आग हावर होती ती हावुर. पाणी मात्र वोदर च, कारण तिथे आधी द आहे. हा नियम गोल क चा प झाल्यानंतर लावायचा. कृमीच्या शब्दात गोल क आहे, त्याचा आधी प झाला तरच ओठांचा नियम त्याला लागतो आणि पुर्मी मिळतो.

१७ ऑगस्ट

गिरणाऱ्याला काकांच्या मळ्यात गेलो. पोळा जवळ आला होता, पण गाडीला जुंपायला बैल राहिलेले नाहीत. जुनी लाकडी गाडी छपराखाली आहे, एक चाक काढून भिंतीला टेकवलेलं. मी वही घेऊन बसलो आणि काका हात लावत नावं सांगत गेले. बाहेरची लोखंडी पट्टी ती धाव. तिच्या आत सहा पुठ्ठे. प्रत्येक पुठ्ठ्यात दोन, असे बारा आरे. मधला लाकडाचा गड्डा तो तुंबा. त्यातून जातो तो आस. बैलांच्या मानेवर जू, जू ला शिवळा. तुंब्याच्या भोकाला काळं जुनं वंगण अजून चिकटलेलं होतं, काकांनी ते बोटाने खरवडून दाखवलं.

मग घरी येऊन मुळं लावली. चाक *क्वेक्वलोस चं. जू म्हणजे युग, *युगोम, इंग्रजीत योक. आस म्हणजे अक्ष. भूगोलात पृथ्वीचा आस शिकलो तोच, इंग्रजी अ‍ॅक्सल त्याचाच भाऊ. तुंबा या शब्दाचं तसं नाही, पण संस्कृतात चाकाच्या मध्याला नाभि म्हणतात आणि इंग्रजीतला नेव्ह तिचाच. वाहणे, वाहन हे *वेघ पासून. इतक्या दूरदूरच्या भाषांत चाकाचे शब्द एकाच मुळाचे निघतात, म्हणून ही मूळ भाषा बोलणाऱ्यांना चाक ठाऊक होतं असं मानतात, आणि चाकाचे सर्वांत जुने पुरावे इ.स.पू. ३५००च्या सुमाराचे आहेत. आमची टोळी गाडीवाली ठेवली ते योग्यच झालं.

पेपलीत : चाक पेपलो, जू युगोन, आस अक्सी, तुंबा नोफो, गाडी वोखो. आतापर्यंतचे हे पाच शब्द मला सगळ्यात पक्के वाटतात, कारण वस्तू हाताने पाहिली होती.

३१ ऑगस्ट

नात्यांचे शब्द. बाप, आई, भाऊ सोपे होते : हतेर, मातेर, फ्रातेर. पुढचे कोशात शोधत बसलो होतो. आई शेजारी लसूण सोलत होती, तिला यादी वाचून दाखवली, तर तीच एकेक सांगत गेली. देवर, मग आपला दीर. श्वशुर, आपला सासरा. स्नुषा, आपली सून. यातृ काय ते तिला कळेना. मी म्हटलं, नवऱ्याच्या भावाची बायको. "जाऊ की रे!"

हे चारही शब्द मूळ भाषेतून सलग आपल्यापर्यंत आले आहेत. लॅटिनमध्ये सून नुरुस आणि दीर लेविर, ग्रीकमध्ये सून नुओस. आज इंग्रजी माणूस या सगळ्यांना 'इन-लॉ' जोडून काम भागवतो, आणि आमच्या स्वयंपाकघरात ते रोज हाकेला आहेत. मला याचा फार आनंद झाला.

पेपलीत दीर दैवेर, सासरा स्वेकुरो, जाऊ येनतेर, सून स्नुसो. दिग्दर्शकाने विचारलं, सून बाई असून शेवटी ओ कसा? मूळ *स्नुसोस असाच आहे, बाईचा शब्द पुरुषी वळणाचा. ग्रीकने तो तसाच ठेवला, संस्कृतने आ लावून दुरुस्त केला. आम्ही ठेवला.

एक मोह आवरला. जू, जाऊ, जाणे या तिन्हींत मराठीने सुरुवातीच्या य चा ज केला आहे (युग, यातृ, याति). तोच नियम पेपलीला लावावासा वाटला. पण मग जूनसारखीच गत झाली असती, भाषा पुन्हा घरच्यासारखी ऐकू आली असती.

१४ सप्टेंबर

विभक्ती बसवताना आढळलं की मी सगळे शब्द प्रथमेचे घेतले होते आणि त्यालाच प्रत्यय जोडत होतो. दात *ह१दोन्त्स, प्रथमेत दोन्स. पाय होस. त्यावरून 'दाताने' साठी दोन्स च्या पुढे प्रत्यय. भाची म्हणाली, "पाणीला म्हणतोस का, पाण्याला म्हणतोस ना? सामान्यरूप कुठंय?" खरंच की. प्रथमेच्या स ने आधीचा त आणि द खाऊन टाकला होता. खरं अंग दोन्त-, होद- हे. एकतीस शब्दांना दुसरा रकाना जोडला : होस, पण होद-. यादीत सुरुवातीपासून दोन रकाने ठेवावेत. नट आता म्हणतात, पाठ करायला हेच बरं पडतं, कारण मराठीत त्यांना सवय आहेच.

५ ऑक्टोबर

तालमीत अडकलो. पहारेकरी ओरडतो, वुलपो एस्ती! लांडगा आहे! समोरचा नट थांबला आणि म्हणाला, "पण वहीत एस्ती म्हणजे खातो असं लिहिलंय."

दोन्ही बरोबर होतं. *ह१एस्ती म्हणजे आहे. *ह१एद्ती म्हणजे खातो, आणि द-त एकत्र आले की माझ्या नियमाने स्त. दोन्ही एस्ती. लॅटिनमध्येही दोन्ही एस्त असंच लिहितात, आणि जर्मनमध्ये 'आहे' आणि 'खातो' उच्चाराला आजही एकच. म्हणजे खऱ्या भाषांना हे चालतं. पण त्यांचं ऐकणारा माणूस जन्मभर ती भाषा ऐकत आलेला असतो; आमच्या दोन नटांना ती तीन महिन्यांची आहे, आणि प्रवेशात टोळी जेवायलाही बसते. खाण्यासाठी दुसरा धातू घेतला, *ग्वेर्ह३, गिळणे. आपलं गिळणे याच मुळाचं, लॅटिनमध्ये वोरारे. त्यातून बेरती. नऊ वाक्यं बदलली, पाठांतर पुन्हा. या एका शब्दाने आठवडा घेतला. एकसारखे शब्द प्रोग्रॅमकडून आधीच शोधून घ्यायला हवे होते. दहा ओळींचं काम होतं.

१९ ऑक्टोबर

आकडे : ओइनो, द्वो, त्रेये, पेत्वोरे, हेंपे, स्वेक्स, सेहतन, ओक्तो, नेवन, देकन. शंभर कन्तोन.

म्हातारा गाड्या मोजतो त्या जागी नट दर वेळी पेत्वोरे, पेंपे म्हणतो. चार वेळा दुरुस्त केलं, पाचव्या वेळी मीच थांबलो. *पेंक्वे मधला पहिला प नियमाने ह व्हायला हवा, म्हणून हेंपे. पण चार नंतर लगेच पाच म्हणताना जीभ चारचा प पुढे ओढते. लॅटिनमध्येही पाचचा पहिला प बदलून गोल क झालेला आहे, क्विंक्वे. इंग्रजीत उलटं, पाचचा फ चारला लागला, म्हणून फोर. संस्कृतातला द्वार शब्दसुद्धा नियमाने ध्वार हवा होता. दोन चा द त्यात शिरला असं मानतात, आणि आपलं दार त्यातून आलं. पेंपे ठेवला. यादीत त्यापुढे लिहिलं आहे : अपवाद, तोंडातून आलेला.

८ नोव्हेंबर

उद्या रंगीत तालीम. शब्द २१२ झाले, २५० नाही, पण वाक्यांना पुरले. पदरचे १,१६० रुपये गेले, बहुतेक झेरॉक्स, बाइंडिंग आणि गिरणाऱ्याच्या पेट्रोलचे. वाया गेलेले दिवस मोजले तर पंचवीसच्या वर, त्यातले अर्धे जूनमधले.

नियमांचा शेवटचा क्रम हवा असेल त्याच्यासाठी : आधी ह१, ह२, ह३ चा स्वरांवरचा परिणाम आणि त्यांचं गळणं; मग तालव्य क-ग साधे; मग प चा ह; मग गोल क-ग चे प-ब, गोल घ चा भ; त्यानंतर भ-ध-घ चे फ-थ-ख; मग स्वरासारखे र-ल; मग त-त आणि द-त चा स्त; मग अनुनासिकाची जुळणी; आणि सगळ्यात शेवटी शब्दान्तीचे म, त, स. गोल घ चा भ व्हायच्या आधी भ चा फ उरकला तर घर्म, ज्यातून आपला घाम आला, तो फेर्मो न होता भेर्मो असाच राहतो. मी ते दोनदा केलं.

शेवटचा शब्द काल रात्री घातला. टोळी जिच्या काठी थांबते त्या नदीला नावच नव्हतं, सगळे नुसतं वोदर, पाणी, म्हणत होते. *देह२नु, संस्कृत दानु, युरोपातल्या डॅन्यूबचं नाव याच मुळाचं. प्रोग्रॅममध्ये टाकला. पहिल्या नियमाने एह२ चा आ झाला आणि बाकी एकही नियम त्याला लागला नाही. दानू. म्हातारा गाडीतून उतरून ओंजळ भरतो तेव्हा तो हा एकच शब्द म्हणेल.